तापलं की मरणारं इंजिन: देवबागच्या एका होडीवरचा तपास

"इंजिन तापला की मरता रे. थंड झाला की परत चालता." मामांनी फोनवर सांगितलेली तक्रार एवढीच.

मामा देवबागचे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. मामांची फायबरची होडी खाडीच्या बाजूला असते. पहाटे खाडीतून खाली संगमापर्यंत जायचं, तिथे फुटणारं पाणी ओलांडून बाहेर पडायचं आणि जाळी टाकायची, असा त्यांचा दिनक्रम. होडीच्या मागच्या फळीवर लटकवलेलं इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, १५ हॉर्सपॉवरचं, दोरी ओढून चालू करायचं. पॉइंट-कंडेन्सरवालं, म्हणजे सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) येण्याच्या आधीच्या पिढीतलं. मामांनी घेतलं तेव्हाच ते सेकंडहँड होतं आणि वरच्या टोपावरचा रंग उडून खालचा पांढरा थर दिसत होता.

बिघाड नेहमी निघाल्यावर वीसेक मिनिटांनी, संगमाच्या आसपासच व्हायचा, आणि काळजीचं कारण तेच होतं. खाडीत इंजिन बंद पडलं तर वल्हं मारून किनारा गाठता येतो. पाणी फुटतं तिथे बंद पडलं तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीवर पुढची लाट कशी येते ते मामांना कुणी सांगायला नको. एकदा दुसऱ्या होडीने दोर टाकून ओढून आणलं होतं. मामी त्या दिवसापासून इंजिनाचं नाव काढलं तरी बोलत नव्हत्या.

माझं कुडाळात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. होड्यांची इंजिनं माझा धंदा नव्हे, पण मामांचं इंजिन मीच बघतो. लहानपणी त्यांच्या होडीत बसून फिरलोय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

आधी काय काय झालं होतं

मी पोचेपर्यंत त्या इंजिनाला बरेच हात लागून गेले होते. कार्बोरेटर तीनदा उघडून साफ केला होता. टाकीपासूनची पेट्रोलची नळी आणि तिच्यातला पंप करायचा रबरी फुगा, दोन्ही नवे. प्लगच्या तीन जोड्या. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टूटी (टू-स्ट्रोक) ऑइलचा डबा बदलला, कारण कुणीतरी ऑइलवर शंका घेतली होती. पाण्याच्या पंपाचा रबरी पंखाही नवा, कारण 'तापतं' म्हटल्यावर पहिला संशय थंड पाण्यावर जाणारच. पंखा बदलूनही फरक नाही आणि पाण्याची धार तर जोरात पडत होती.

हे सगळं ऐकून मी एकच गोष्ट विचारली: मरताना एकदम मरतं की आधी काही करतं? मामा म्हणाले, आधी आवाज फाटतो, मग लंगडतं, मग रेस कमी केली की मरतं.

या उत्तराने अर्धं काम केलं. जुन्या व्हेस्पा-लॅम्ब्रेटावर ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. फिरणाऱ्या मॅग्नेटच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, खाली एक प्लेट. तिच्यावर एक कॉइल, एक पॉइंट (उघडझाप करणारा छोटा स्विच), एक कंडेन्सर. पॉइंट मिटलेला असतो तोवर कॉइलमधला करंट आतल्या आत फिरत राहतो. पॉइंट उघडला की त्याला ती वाट बंद होते आणि तो वायरीतून बाहेरच्या एचटी (हाय टेन्शन) कॉइलकडे धावतो. तिथे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्याच्यावरच ठिणगी पडून तो जळू नये म्हणून कंडेन्सर. स्कूटरला हा संच एक, या इंजिनाला दोन. वरच्या सिलिंडरचा वेगळा, खालच्याचा वेगळा. दोघांत सामायिक फार थोडं: मॅग्नेट, ती प्लेट आणि बंद करायचं बटण.

तेव्हा दोन्ही सिलिंडर एका क्षणी मेले असते तर मी सामायिक वस्तूंच्या मागे लागलो असतो. लंगडणं म्हणजे एक सिलिंडर आधी जातोय. दुसरा होडी ओढत राहतो, पण रेस कमी केली की जाळ्यांनी भरलेली होडी एका सिलिंडरवर मंद चालीत टिकत नाही. दुखणं एकाच बाजूच्या संचात होतं.

पिंपातली चाचणी, आणि तिने केलेली फसवणूक

अंगणात २०० लिटरचं पिंप गोड्या पाण्याने भरलं आणि इंजिन त्यात टांगलं. कोरडं चालवायचं नाही, पंपाचा रबरी पंखा मिनिटभरात जातो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दोन्हीकडे सारखं निघालं.

करंट बघायची आपली नेहमीची पद्धत म्हणजे प्लग बाहेर काढायचा, इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. ती पद्धत फारशी विश्वासाची नाही. प्लगची फट असते मिलिमीटरभराच्या आतली. उघड्या हवेत तेवढ्या फटीवर दुबळी कॉइलसुद्धा ठिणगी टाकते. आत दाबलेल्या हवेत तीच ठिणगी टाकायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून मी लाकडाच्या एका तुकड्यावर दोन खिळे समोरासमोर ठोकून ६ मिलिमीटरची फट ठेवलेली आहे. एका खिळ्याला प्लगची वायर, दुसऱ्याला अर्थ. दोन्ही सिलिंडरच्या वायरी एकामागून एक लावून बघितल्या. निळी, कडक ठिणगी, चट् असा आवाज. दुसऱ्या सिलिंडरची वायर या वेळी अर्थला लावून ठेवायची. तिला मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढली तर करंट वाट मिळेल तिथून उडी मारतो आणि कॉइलचं आतलं इन्सुलेशन जातं. आणि प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येत असते, तेव्हा खिळे तिथून लांब.

मग इंजिन चालू केलं. तब्बल ४५ मिनिटं चाललं. टोप काढून हेडला हात लावला, नीट गरम. एकदाही मिस झालं नाही. मामा खुर्ची घेऊन बाजूला बसले होते. मधे मधे माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे, म्हणजे पोराला डॉक्टरकडे नेल्यावर ताप उतरतो तसं.

इथे माझ्या डोक्यात एक गोष्ट खटकायला हवी होती, ती संध्याकाळी खटकली. पाण्याने थंड होणारं इंजिन तापत तापत जात नाही. पाचेक मिनिटांत त्याचं तापमान जिथे पोचायचं तिथे पोचतं आणि साधारण तिथेच राहतं. मग गरम झाल्यामुळे दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर पाचव्या-दहाव्या मिनिटाला गेला असता. रोज विसाव्या मिनिटाला का जाईल? आणि पिंपात पंचेचाळीस मिनिटांत का जाणार नाही?

खाडीत

दुसऱ्या दिवशी टायमिंग लाइट घेऊन होडीत बसलो. हिचा चिमटा प्लगच्या वायरीवर नुसता अडकवायचा. वायरीतून करंट गेला की दिवा लुकलुकतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघायला बनवलेली वस्तू, पण चालत्या होडीत कोणत्या सिलिंडरचा करंट कधी गेला हे बघायला याहून सोपं काही नाही. तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून एका स्कूटरची बॅटरी सोबत घेतली. ऊन इतकं, की दिवा दिसेना. शेवटी मामांचा पंचा डोक्यावरून घेतला आणि इंजिनावर वाकून, जुन्या फोटोवाल्यासारखा, आत बघत बसलो.

निघण्याआधी बंद करायच्या बटणाच्या दोन्ही वायरी सोडवून ठेवल्या. खाऱ्या हवेत हे बटण आतून गंजतं आणि न दाबताच करंट अर्थला सोडतं. तो संशय एका झटक्यात निकालात निघतो. मात्र वायरी सोडवल्यावर बटणाने इंजिन बंद होत नाही, चोक ओढून बंद करावं लागतं. हे मामांना दोनदा सांगितलं.

चिमटा वरच्या सिलिंडरवर. अर्ध्या रेसवर खाडीतून खाली निघालो. दिवा एकसारखा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. संगमाच्या अलीकडे मामांनी रेसची मूठ पूर्ण फिरवली. आवाज चढला आणि पंच्याखाली दिवा अडखळला. दोन लुकलुक, एक दांडी, तीन लुकलुक, मग काळोख. आवाज फाटला. फुगा दाबून बघितला, पेट्रोल कमी पडत असेल तर दाबल्यावर क्षणभर तरी सुधारतं. काही नाही. चिमटा खालच्या वायरीवर नेला, दिवा व्यवस्थित. मामा मूठ मागे घ्यायला लागले तसा मी ओरडलो, थांबा, सावकाश. चिमटा परत वर. मूठ थोडी मागे आली, आणि दिवा पुन्हा लागला.

पुढे, मागे, पुढे, मागे. चार वेळा केलं. चारही वेळा पाऊण मुठीच्या पुढे दिवा जायचा, मागे आली की यायचा.

"मामा, तू फुल रेस खंय देतंस?"

"संगमार. थंय पाणी फुटता ना, अर्ध्या रेसर बाहेर कसो जातलंय?"

होडी बांधतात तिथून संगम वीस मिनिटांवर. खाडीत इतर होड्या, जाळी, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी, म्हणून तिथे मामा कधी रेस वाढवतच नाहीत. वीस मिनिटं म्हणजे संगम. पुढे विचारल्यावर त्यांनी हेही सांगितलं की सुकतीला, म्हणजे ओहोटीच्या ओढीबरोबर जाताना, इंजिन पंधरा मिनिटांतच मरायचं. त्या दिवशी जास्त तापत असेल असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात त्या दिवशी संगम लवकर यायचा.

मग थंड झाल्यावर परत का चालायचं? वरचा सिलिंडर ठिणगीशिवाय फिरत राहिला की त्याचा प्लग पेट्रोल-ऑइलने न्हाऊन निघतो. त्यात घाबरून चोक ओढून दहा वेळा दोरी मारली की खालचाही भिजतो. अर्धा तास गेला की सुकतात. चालू करताना मूठ 'स्टार्ट'च्या खुणेवर असतेच, तिथे बिघाड नाही. इंजिन चालू होतं आणि माणूस म्हणतो, थंड झालं.

आणि पिंप? न्यूट्रलमध्ये या इंजिनाची मूठ पूर्ण फिरत नाही, अटकाव आहे. मी ४५ मिनिटं अगदी मन लावून जिथे बिघाड नव्हताच तिथे इंजिन चालवत बसलो होतो.

मूठ फिरवली की आत काय फिरतं

एक शक्यता उरत होती: दोष मुठीच्या जागेत नसून वेगात असेल. जास्त वेगाला पॉइंटची स्प्रिंग ढिली पडली तरी करंट तुटतो, आणि जोर पडल्यावर दुबळी एचटी कॉइलही हात टेकते. याचा निवाडा इंजिन बंद ठेवूनच होतो.

या इंजिनात मूठ दोन कामं करते. कार्बोरेटरची झडप उघडते, आणि त्याच ओढीने मॅग्नेटखालची अख्खी प्लेट फिरवते, म्हणजे रेस वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी. प्लेट फिरते म्हणजे तिच्यावरून बाहेर येणाऱ्या वायरीही रोज शेकडो वेळा वाकतात.

किनाऱ्यावर आल्यावर दोन्ही प्लग काढले. वरच्या संचाची वायर एचटी कॉइलपासून सोडवली. मल्टिमीटरचं एक टोक तिला, एक इंजिनाच्या अंगाला. पॉइंट मिटलेला असो की उघडा, इथे ओहम नगण्यच दिसायला हवेत, कारण उघडा असला तरी कॉइलमधून वाट आहेच. मीटरने १.६ दाखवले. इंजिन गिअरमध्ये टाकलं, म्हणजे मूठ पूर्ण फिरते, आणि मामांना सांगितलं, अगदी हळू फिरवा. १.६, १.६, १.७, पाऊण मुठीवर आकडे सैरभैर झाले, आणि त्यापुढे मीटर कोरा. मागे, परत १.६. खालच्या संचाची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलली नाही.

मॅग्नेट न काढता कळलं की वायर तुटली आहे. दुरुस्तीला मात्र काढावा लागणारच होता. नट सैल करून मॅग्नेटच्या मधल्या तीन आट्यांच्या भोकांत पुलर बसवला. कडेला पकडून ओढायचं नाही, क्रँकच्या टोकावर हातोडी मारायची नाही. दोन्ही प्रकारांनी बिघडवलेली इंजिनं मी पाहिली आहेत. कडक् असा आवाज आला आणि मॅग्नेट सुटला.

खालचं दृश्य असं. वरच्या सिलिंडरच्या कंडेन्सरच्या टोकाला डाग दिलेली (सोल्डर केलेली) एक लाल वायर. प्लेट एका टोकाला नेली की ती तारेसारखी ताणलेली, सैल अशी तिला इंचभरही जागा नाही. बाहेरून अखंड. डागाच्या लगेच पुढे बोटाने वाकवली तर मात्र आत हाड मोडल्यासारखी लुळी पडली. रबर सोललं तर तांब्याच्या तारांऐवजी हिरवी पूड आणि दोन केसासारख्या तारा. मूठ मागे असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, पुढे नेली की ताणून सुटायची.

तो कंडेन्सर पाच वर्षांपूर्वी मीच बदलला होता. लाल वायरही माझ्याच गॅरेजातली. स्कूटरची प्लेट एकदा टायमिंग लावून स्क्रू आवळले की हलत नाही, तिथे वायर आखूड आणि नेटकी बांधणं हीच चांगली सवय. ती सवय मी इथे जशीच्या तशी आणली होती. वर डागही भरपूर दिला होता. शिसं तारांमधून वर चढतं आणि तेवढा भाग सळईसारखा कडक होतो. वाकण्याचा सगळा ताण मग कडक आणि मऊ भागाच्या सीमेवर येतो. तिथेच ती तुटली होती. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पाच वर्सा चालली मा?" आणि चहा आणायला आत गेले.

दुरुस्ती

नवी वायर बारीक तारांची, सिलिकॉनच्या मऊ आवरणाची घेतली. डाग जेमतेम दिला, त्यावर श्रिंक स्लीव्ह चढवली, आणि डागापासून अर्ध्या इंचावर वायरीचं आवरण प्लेटवरच्या पट्टीत पकडलं, म्हणजे वाकणं डागापाशी होणार नाही. पुढे एक सैल वळसा सोडला. प्लेट दोन्ही टोकांना नेऊन बघितलं: वायर ताणत नाही, मॅग्नेटला घासत नाही. हे दुसरं विसरलात तर आठवड्याभरात मॅग्नेट वायर सोलून ठेवतो. खालच्या सिलिंडरची वायर मूळचीच होती, तिला हात लावला नाही.

मॅग्नेट उघडलाच आहे तर पॉइंटही बघितले. खालच्याची फट ०.३५ मिलिमीटर, बरोबर. वरच्याची ०.२२. पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमवर घासून झिजतो, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि त्या सिलिंडरचं टायमिंग मागे पडतं. दोन सिलिंडर दोन वेगळ्या टायमिंगवर चालत होते. पॉइंटची तोंडं घासून सपाट केली, पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून त्यांतून दोनदा ओढली आणि फट ०.३५ वर आणली. मीटर नसता आणि मी आधीच मॅग्नेट उघडला असता तर हाच बिघाड समजून पॉइंट लावून, सगळं बंद करून, मामांकडून शाबासकी घेऊन कुडाळला परत गेलो असतो. संगमावर काय झालं असतं ते वेगळं.

प्लेटवर ऑइलचा पुसट ओलावाही होता. क्रँकचं वरचं सील झिरपायला लागलंय. सध्या पॉइंटपर्यंत पोचत नाही. होडी पावसाळ्यात वर ओढली की बदलायचं ठरवलं.

मॅग्नेट परत बसवताना क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक पेट्रोलने पुसून कोरडं केलं, ग्रीस नाही. मॅग्नेटला धरून ठेवतं ते या निमुळत्या तोंडाचं घट्ट बसणं. अर्धचंद्राची चावी फक्त जागा दाखवते. नट सैल राहिला की सगळा मार चावीवर येतो, ती थोडी कातरली जाते आणि टायमिंग हलतं. चावी नखाने चाचपली, खाच नव्हती.

बटणाच्या वायरी परत जोडल्या. बटण चाललं.

भरती भरत आली होती. मामा म्हणाले जाऊन येऊ. पंचा डोक्यावर, चिमटा वरच्या वायरीवर. या वेळी बांधल्या जागेपासूनच मोकळं पाणी बघून मूठ पूर्ण उघडायला लावली. दिवा इतका सलग, की लुकलुक ओळखू येईना. संगमावर मामांनी माझ्याकडे न बघता रेस पूर्ण दिली आणि पाणी फुटतं त्या पट्ट्यातून बाहेर काढून परत आणली. किनाऱ्यावर प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकाच तपकिरी रंगाचे. आधीच्या जोडीतला वरचा काळा आणि ओला असायचा, ते सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

होडी बांधत असताना शेजारच्या होडीवाल्याने विचारलं, काय झालेला? मामांनी सांगितलं, "तापत होता. भाच्यान आतली वायर बदलल्यान, आता तापना नाय."